निहिराची जुळी

निहिराच्या पाठीत बाक आहे हे आमच्या घरात कोणालाही कळण्याआधी कळलं ते तिचा गणवेश शिवणाऱ्या इराबत्तीबाईंना. सातवीचा नवा कुर्ता त्यांनी दोनदा उसवून पुन्हा शिवला, तरी त्याची खालची कड डावीकडे लोंबतच होती. शेवटी बाईंनी टेप गळ्यात टाकली आणि माझ्या बायकोला, तृप्तीला म्हणाल्या, "वहिनी, माझी शिवण बरोबर आहे. पोरीचा उजवा खांदाच वर आहे. एकदा डॉक्टरला दाखवा."

हे २०४१ सालचं. निहिरा तेव्हा बारा वर्षांची होती. आमची एकुलती एक. तृप्ती पोस्टात नोकरीला आणि मी भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दीच्या खुणा रोवायच्या, नकाशा काढून द्यायचा, हे माझं काम. शेजाऱ्याच्या बांधाने दीड हात आत सरकलेली हद्द मी नुसत्या नजरेने ओळखायचो. स्वतःच्या मुलीचा खांदा मात्र मला दिसला नव्हता.

सोलापुरात हाडांचे जुने डॉक्टर म्हणजे डॉ. कादरी. त्यांनी निहिराला पाठमोरी उभी केली आणि म्हणाले, "वाक बेटा, पायाचे अंगठे धर." ती वाकली तशी तिच्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर आलेली मला स्पष्ट दिसली. मग एक्स-रे काढला. डॉक्टरांनी त्यावर दोन रेघा मारल्या, एक बाकाच्या वरच्या टोकाच्या मणक्यावर, एक खालच्या. त्या दोन रेघांमधला कोन म्हणजे बाक किती ते. अडतीस अंश.

आकडा ऐकल्यावर मला उलट बरं वाटलं. मोजता येतं म्हटल्यावर सुधारताही येणार, असा माझा स्वभाव.

"पट्टा लावू," कादरी म्हणाले. "दिवसातले अठरा तास. दर चार महिन्यांनी फोटो काढून बघू. पाळी अजून यायची आहे, म्हणजे उंची वाढायची बाकी आहे. उंचीबरोबर बाक वाढतो. कधी पुष्कळ वाढतो, कधी थांबतो."

"हिचा किती वाढेल?"

"ते सांगता येत नाही सिद्धेश्वर. म्हणून तर फोटो काढायचे."

हे 'सांगता येत नाही' माझ्या डोक्यात बसलं. आणि तेवढ्यात ऑफिसातल्या एकाने पुण्याच्या मुलांच्या रुग्णालयाचं नाव सांगितलं. तिथे सांगता येतं, म्हणाला. तिथे जुळा बनवतात.

निहिराला हे ऐकून हसू आलं. "आपण राहतो जुळे सोलापुरात, आणि आता माझापण जुळा?"

पुण्यात दोन दिवस लागले. तिचं एमआरआय झालं, हाताच्या पंजाचा एक्स-रे झाला, रक्त घेतलं. हाडांची वाढ किती शिल्लक आहे ते पंजाच्या एक्स-रेवरून कळतं. हाडांच्या टोकाशी वाढीच्या कूर्चेची एक फट असते, वाढ संपली की ती बुजते. मग अंगभर बारीक संवेदक चिकटवून निहिराला एका लांबच लांब पट्ट्यावर चालवलं, पळवलं, उड्या मारायला लावल्या. माझी, तृप्तीची, दोन्हीकडच्या आजोबा-आज्यांची उंची लिहून घेतली. या सगळ्यातून संगणकात तिचा कणा तयार झाला. नुसतं चित्र नव्हे. प्रत्येक मणका, त्यांच्यामधली प्रत्येक चकती, त्यांना धरून ठेवणारे स्नायू, आणि त्या सगळ्यावर पडणारा भार. हा कणा संगणकात वाढवता येत असे, एक महिना, एक वर्ष, दहा वर्षं. त्याच्यावर शस्त्रक्रिया करून पाहता येत असे, न करताही पुढे नेता येत असे.

पूर्वी बाक पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या पुढे गेल्याशिवाय सहसा कोणी सुरीला हात लावत नसे. कारण पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नसायचं. वाट बघणं हाच उपाय. जुळा आल्यापासून ती वाट बघायची गरज उरली नाही. बाक वाढत जाणार आहे हे आधीच कळलं तर कणा लवचीक असताना, कमी मणके जोडून काम भागतं, असं तेव्हा सगळे म्हणत.

शल्यविशारद डॉ. खांबेटे पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी पडद्यावर जुळी चालवून दाखवली. हो, जुळी, निहिराने पहिल्याच दिवशी तिला मुलगी करून टाकलं होतं. हाडांचीच आकृती, पण चालायची थेट निहिरासारखी, टाचा जरा उचलून, घाईघाईत. डॉक्टरांनी वर्षं पुढे सरकवली. तेरा, चौदा, पंधरा. आकृती उंच होत गेली आणि वाकत गेली. अठराव्या वर्षी ती एका कुशीवर कलून चालत होती. कोपऱ्यात आकडा होता, चौऱ्याहत्तर अंश. त्याखाली फुप्फुसांची क्षमता, बासष्ट टक्के.

तृप्तीने तोंडावर हात ठेवला.

"हा मधला अंदाज आहे," डॉ. खांबेटे म्हणाल्या. "खालचा बेचाळीस, वरचा त्र्याऐंशी. दुसऱ्या पानावर दिलंय."

मोजणीच्या प्रत्येक कागदावर चूक किती संभवते ते मी स्वतः लिहितो. वीस वर्षं लिहीत आलो. त्या दिवशी दुसरं पान मी उलटलं, पाहिलं आणि मिटलं. माझ्या डोळ्यांसमोर ती कललेली आकृतीच होती.

शस्त्रक्रियेचा धोकाही जुळीवरूनच काढला होता. जंतुसंसर्ग किती, स्क्रू सैल होण्याची शक्यता किती, मज्जारज्जूला इजा होऊन पायांची ताकद जाण्याची किती. ती शेवटची शक्यता हजारात आठ होती.

परतीच्या गाडीत तृप्ती म्हणाली, "कादरी म्हणतात तसं चार महिने पट्टा लावून बघू या. चार महिन्यांत काय आभाळ कोसळणार आहे?"

"चार महिन्यांत ती दोन-तीन सेंटिमीटर वाढेल. कणा ताठर होईल. तेव्हा जास्त मणके जोडावे लागतील. ऐकलं नाहीस का?"

"ऐकलं. पण अजून तिला काही त्रास नाही हो. सायकल चालवते, खेळते. चांगल्या पोरीला..."

"चांगली आहे म्हणूनच आत्ता करायची," मी म्हणालो. तृप्ती खिडकीबाहेर बघायला लागली. ती गप्प झाली म्हणजे तिला पटलं, असा अर्थ मी काढला, कारण तो मला सोयीचा होता.

डॉ. कादरींनाही मी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी असतो तर थांबलो असतो. पण माझ्याकडे पुण्यासारखं यंत्र नाही." नंतर कितीतरी वर्षांनी त्यांनी मला सांगितलं की ते दुसरं वाक्य आपण बोलायला नको होतं.

बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांची स्वतःची सही लागते, असा नियम होता. सहीच्या आदल्या दिवशी निहिरा गॅलरीत सायकलच्या चेनला तेल घालत बसली होती. मी जवळ गेलो. ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, पाय जाऊ शकतात ना?"

"कोण म्हणालं?"

"पत्रकात आहे. हजारात आठ."

"म्हणजे नऊशे ब्याण्णवांना काहीच होत नाही."

"हो, पण ते आठ कोण असतात?"

मी तिच्या हातातली तेलाची बाटली घेतली आणि झाकण लावत म्हणालो, "तू नाहीस."

"नक्की?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी तिने तिच्या गोल अक्षरात सही केली.

शस्त्रक्रिया सहा तास चालेल असं सांगितलं होतं. आम्ही बाहेर बसलो. आत काय चाललं होतं ते मला नंतर समजलं. मणक्यांत स्क्रू बसवून त्यांत दोन सळया अडकवतात आणि हळूहळू कणा सरळ करत आणतात. तो सरळ होताना आतली मज्जारज्जू ताणली जाण्याची भीती असते. म्हणून पूर्ण वेळ डोक्यातून विजेचा बारीक संदेश सोडतात आणि तो पायांत पोचतो का ते बघतात. संदेश पोचतोय म्हणजे रस्ता मोकळा आहे. चौथ्या तासाला सळई फिरवल्यावर निहिराच्या डाव्या पायातला संदेश कमी कमी होत बंद पडला. डॉ. खांबेटेंनी लगेच सळया सैल केल्या. रक्तदाब वाढवला, रक्त दिलं, थांबल्या. जे जे करायचं असतं ते सगळं त्यांनी क्रमाने केलं. वीस मिनिटांनी संदेश परत आला, पण निम्माच.

त्या बाहेर आल्या तेव्हा डोक्यावरची टोपी त्यांच्या हातात होती. "डावा पाय सध्या हलत नाहीये," त्या म्हणाल्या. "परत येईल असं मला वाटतं. किती येईल ते आत्ता सांगता येत नाही."

तृप्तीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती सरळ आत गेली.

पाय परत आला, पण पूर्ण नाही. तीन आठवड्यांनी मांडी हलली, दोन महिन्यांनी गुडघा. पाऊल मात्र घोट्यातून वर उचललं जाईना. पाऊल टाकलं की पुढचा पंजा खाली लोंबायचा आणि अडखळायचा. बुटात एक पातळ आधारपट्टी घालावी लागली. बाक तीस अंशांवर ठेवून डॉक्टरांनी सळया तशाच राहू दिल्या होत्या. अजून सरळ करायला जाणं धोक्याचं होतं. सायकल गॅलरीतून खाली गेली आणि इराबत्तीबाईंच्या नातीला देऊन टाकली. देताना निहिराने तिला गिअर कसे टाकायचे ते दाखवलं.

मला कोणी काही बोललं नाही. तृप्तीने "मी सांगत होते" हे शब्द कधीही उच्चारले नाहीत. निहिराने मला त्या गॅलरीतल्या 'नक्की'बद्दल कधी विचारलं नाही. मी वाट बघत होतो की एकदा तरी कोणीतरी भांडेल. मनात एकच आधार धरून होतो: चौऱ्याहत्तर. पाऊल गेलं खरं, पण फुप्फुसं वाचली. हे वाक्य मी स्वतःला रोज ऐकवायचो.

मग २०४४ साली रुग्णालयाचं पत्र आलं. शस्त्रक्रिया न झालेली जुळी त्यांनी पुसून टाकली नव्हती. अंदाज कुठे बरोबर आले, कुठे चुकले हे तपासण्यासाठी अशा सगळ्या जुळ्यांना खऱ्या मुलाच्या वाढीची माहिती पुरवून पुढे न्यायचं ठरलं होतं. हाताच्या पंजाचा एक्स-रे, रक्ताची तपासणी, आणि पाठीत सळया असल्यामुळे उंचीऐवजी दोन्ही हात पसरून घेतलेलं माप. पालकांची संमती हवी. बदल्यात पालकांना जुळी कधीही बघता येईल.

मी त्याच दिवशी संमती दिली. मला ते चौऱ्याहत्तर डोळ्यांनी बघायचे होते.

सगळी माहिती भरून महिन्याभराने जुळी उघडली. ऑफिसात जेवणाची सुट्टी होती. डबा समोर तसाच, आणि टेबलावर पडद्यात ती उभी. पंधरा वर्षांची. जवळजवळ सरळ. कोपऱ्यातला आकडा होता चव्वेचाळीस. खाली एक ओळ होती: वाढ पूर्ण होत आली आहे, बाक यापुढे फारसा वाढणे अपेक्षित नाही.

निहिराला शस्त्रक्रियेनंतर चारच महिन्यांत पाळी आली होती. तिची हाडं जुळीच्या अंदाजापेक्षा लवकर पक्की झाली. अकरा सेंटिमीटर वाढ धरली होती, झाली पाच. कादरींच्या पट्ट्यावर ती चार महिने थांबली असती, तर त्यांच्या साध्या फोटोतच ते दिसायला लागलं असतं.

मी बोटाने 'चाल' दाबलं. आकृती चालायला लागली. टाचा जरा उचलून, घाईघाईत. दोन्ही पावलं वर उचलत होती.

दुसऱ्याच आठवड्यात मी रजा काढून पुण्याला गेलो. डॉ. खांबेटेंसमोर छापील कागद ठेवला. त्यांनी तो उचलला नाही.

"मी पाहिलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या आधी."

"चव्वेचाळीस, मॅडम."

"हो."

"म्हणजे काही गरज नव्हती."

"त्या यंत्राने चौऱ्याहत्तर सांगितले तेव्हा तुम्ही मान्य केलंत. आता चव्वेचाळीस सांगतंय तेही मान्य करताय. शस्त्रक्रिया झाली नसती तर तिचं शरीर नेमकं असंच वाढलं असतं, हे कोणाला ठाऊक? दोन्ही अंदाजच आहेत."

"मग तेव्हा तुम्ही का केलीत?"

त्यांनी चष्मा काढला. "तेव्हा मीही मान्य केलं," त्या म्हणाल्या. "आता अडतीसला मी सुरी उचलत नाही. एवढंच मला सांगता येईल." मग चष्मा पुन्हा लावून, "निहिरा कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हणालो. छापील कागद मी घडी घालून खिशात ठेवला.

तिथून पुढे मला सवयच लागली. जेवणाच्या सुट्टीत जुळी, मोजणीला गेलो की शेताच्या कडेला झाडाखाली जुळी. मी तिला चालवायचो, जिने चढवायचो, पळवायचो. सायकलवर बसवण्याचीही सोय होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी निहिराला भिंतीला टेकून हात पसरायला लावायचो आणि टेपने माप घ्यायचो.

"अजून कशासाठी, बाबा?"

"डॉक्टरांना लागतं."

ती हात पसरून उभी राहायची. मी आकडा लिहून घ्यायचो आणि टेप गुंडाळत आत जायचो.

त्या काळात निहिराने कॅरम धरला होता. शाळेत, मग जिल्ह्यात. सोळाव्या वर्षी राज्याच्या स्पर्धेसाठी ती सांगलीला गेली. मी जाणार होतो. पण त्याच दिवशी जुळीची सहामाही माहिती भरली जाणार होती, नवा आकडा येणार होता. मी ऑफिसचं काम सांगून थांबलो. आकडा आला, पंचेचाळीस. संध्याकाळी तृप्तीचा फोन आला.

"उपविजेती," ती म्हणाली. मागून मुलींचा गलका ऐकू येत होता. "शेवटच्या बोर्डला राणी घेतली, पण कव्हर सुटलं. हॉल नुसता दणाणला. बोला तिच्याशी."

निहिरा फोनवर आली. मी म्हणालो, "शाब्बास. बक्षीस घ्यायला स्टेजवर गेलीस तेव्हा पाय अडखळला का?"

मागचा गलका तसाच चालू होता. मग ती म्हणाली, "नाही," आणि फोन आईकडे दिला.

घरी आल्यावर तृप्तीने दार लावलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. "त्या फोनमध्ये तुम्ही काय बघता ते मला माहीत आहे. वर्ष झालं, माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, बघून बघून दुःख संपेल. तुमचं संपतच नाही हो. जी नाही तिला तुम्ही रोज चालवता. जी आहे ती आज फायनल खेळली, तिला विचारलं तर काय, पाय अडखळला का!"

मी म्हणालो की बंद करतो. तीन दिवस केलं.

निहिरा अठरा वर्षांची झाली त्या आठवड्यात तिच्या नावाने पत्र आलं. मूल सज्ञान झालं की जुळ्याचा ताबा त्याच्याकडे जातो. हे मी संमती देताना वाचलं होतं आणि विसरलो होतो. मी घरी आलो तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर तिचा पडदा उघडा होता.

"बसा बाबा," ती म्हणाली.

मी बसलो.

"यात नोंद असते. जुळी कोणी, कधी, किती वेळा उघडली त्याची. नऊशे चौदा वेळा. सगळ्या तुमच्या."

मी खांद्यावरची पिशवी काढून टेबलाखाली ठेवली.

"मी एकदा बघितली," ती म्हणाली. "आता तुमच्याबरोबर बघते."

तिने 'चाल' दाबलं. अठरा वर्षांची जुळी चालायला लागली. आम्ही दोघं बघत राहिलो. निहिरा पुढे वाकून, हनुवटी मुठीवर टेकवून बघत होती, कॅरमच्या बोर्डकडे बघते तशी. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "ही अजून बारा वर्षांच्या मुलीसारखीच चालते. मी अठराव्या वर्षी अशी चालले नसते. कोणीच चालत नाही."

"निहू, माझी चूक झाली. थांबायला हवं होतं. आई म्हणत होती, कादरी म्हणत होते. मी ऐकलं नाही."

"ते नाही." तिने पडदा थांबवला. जुळीचं एक पाऊल हवेत राहिलं. "ऑपरेशनचा मला राग नाही. तेव्हा सगळ्यांना तेच बरोबर वाटलं. मी तुम्हाला विचारलं होतं, ते आठ कोण असतात. तुम्ही म्हणालात, तू नाहीस. बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं. 'माहीत नाही' म्हणाला असतात तरी मी सही केली असती. पण मग ऑपरेशननंतर जाग आली तेव्हा मी एकटी पडले नसते. मला वाटत राहिलं की माझंच काहीतरी चुकलं. बाबांनी नक्की म्हणून सांगितलेलं, आणि माझं असं झालं, म्हणजे मीच काहीतरी वेगळी. बारा वर्षांची होते मी."

आत तृप्ती भांडी लावत होती, तो आवाज थांबला.

मी तिच्या पायांशी खाली बसलो. का बसलो ते मलाही कळलं नाही. ती म्हणाली, "उठा ना बाबा, असं नका करू." मी उठलो नाही. थोड्या वेळाने तीच खुर्ची मागे सारून माझ्या शेजारी फरशीवर येऊन बसली. बसताना तिने डाव्या हाताने टेबलाची कड धरली आणि अगदी सहज खाली आली. हे तिला असं जमतं हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

"जुळी मी पुसणार नाही," ती म्हणाली. "अशा हजारो जुळ्यांमुळे त्यांचे अंदाज सुधारतायत. पुढच्या पोरींना उपयोग होईल. माझी मापं मीच पाठवीन. पण तुम्हाला ती आता उघडता येणार नाही. तुमचं नाव मी काढून टाकलंय."

"बरं," मी म्हणालो.

"राग आला?"

"नाही."

खरं सांगायचं तर कोणी गेल्यासारखं झालं होतं. आणि त्याची मला लाज वाटत होती.

पहिले काही दिवस जेवणाच्या सुट्टीत हात फोनकडे जायचा. मग मी डबा घेऊन इतरांबरोबर बसायला लागलो. घरी निहिराशी काय बोलावं ते सुचेना. मी तिच्या कॅरमबद्दल विचारायचो, ती उत्तर द्यायची, आणि उत्तरातली निम्मी नावं मला ठाऊक नसायची. कोणती मैत्रीण कोणती, कोणत्या सरांमुळे तिने आर्किटेक्चरला जायचं ठरवलं, सगळं तिला पहिल्यापासून सांगावं लागायचं. ती सांगायची. कंटाळा केला नाही. पण एकदा सांगता सांगता थांबली आणि म्हणाली, "हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, बाबा. तुम्ही टेप गुंडाळत होतात."

जून महिन्यात आम्ही तिघं कोल्हापूरला गेलो. तिला तिथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. तृप्ती आणि निहिरा सामान घेऊन खोली बघायला वर गेल्या. मी खाली ऑफिसात वसतिगृहाचा अर्ज भरत बसलो. नाव, पत्ता, रक्तगट. माझं अक्षर चांगलं आहे, मी नीट भरत गेलो. दुसऱ्या पानावर आरोग्याची माहिती होती. विद्यार्थिनीच्या डाव्या बुटाची आधारपट्टी किती महिन्यांनी बदलावी लागते? सलग किती अंतर चालू शकते? जिने चढताना मदत लागते का?

पेन मी टेबलावर ठेवलं. जुळी किती पायऱ्या चढली की कोणत्या मणक्यावर किती भार येतो, ते मला तोंडपाठ होतं. समोरच्या तीन रकान्यांपैकी एकाचंही उत्तर मला येत नव्हतं.

वॉर्डनबाई म्हणाल्या, "काही अडलं का?"

"मुलीला विचारून येतो," मी म्हणालो.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. मी जिन्याच्या तळाशी आलो तर ती वरून खाली येत होती. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात रिकामी बादली. डावं पाऊल ती आधी जरा बाहेर फिरवत होती, मग टेकवत होती. मधल्या एका पायरीवर समोरून दोन मुली आल्या, त्यांना वाट देण्यासाठी ती कडेला झाली, काहीतरी म्हणाली, तिघी हसल्या. मग ती पुन्हा उतरायला लागली. घाई नव्हती.

"काय झालं बाबा?"

मी अर्ज पुढे केला. "यात विचारलंय, जिने चढताना मदत लागते का. काय लिहू?"

तिने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"नाही लागत," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली."